सरांच्या ड्रॉवरमधली किल्ली

सरांनी माझा बुटांचा खोका उघडला, नाकाशी नेला आणि अख्ख्या डिपार्टमेंटसमोर म्हणाले, "तुझ्या संदर्भांनाही सुकटीचा वास येतो गं."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

खोक्यात माझी सहाशे कार्डं होती. सरांच्या हाताखाली चाललेल्या पीएच.डी.साठी वाचलेल्या प्रत्येक लेखाचं एक. लेखकाचं नाव, साल, नियतकालिक, पानं. विषय, ठाण्याच्या खाडीतले मासे. आम्ही त्याच खाडीकाठचे कोळी. आई बाजारात मासळी विकायची. घरात सुकट असायचीच, वास येत असेल. सरांना अभ्यासाला खाडीचे मासे चालायचे, खाडीची माणसं चालायची नाहीत.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर परदेशातून मागवलेलं एक सॉफ्टवेअर होतं. कार्डावरची माहिती एकदा त्यात भरली की हवी तशी संदर्भसूची आपोआप निघायची. पण मशीनच्या मागे एक किल्ली खोचल्याशिवाय ते चालायचं नाही. काडेपेटीएवढी, प्लास्टिकची. ती सरांच्या ड्रॉवरमध्ये असायची.

मला ती रोज दुपारी मिळायची, सरांची कार्डं भरायला. वर्षभर भरली. एक स्वल्पविराम चुकला तरी बोलणी खाल्ली. शेवटी माझा प्रबंध तोंडावर आला तेव्हा विचारलं, "सर, आता माझी कार्डं भरू?" त्यावर त्यांनी तो खोका नाकाशी नेला होता. मग म्हणाले, "ते संशोधकांसाठी आहे. तू हातानं लिही. तुम्हा लोकांना कष्टांची सवय असते."

बाहेर सरांचा लाडका विद्यार्थी भेटला. "अगं, रडतेस काय? किल्लीशिवाय चालणारी कॉपी आहे माझ्याकडे. चोरीची आहे, पण चालते. घे गुपचूप."

त्याच्याकडे ती कॉपी होती हे सरांना माहीत होतं. त्याला माफ होतं. माझ्याकडे सापडली असती तर माझ्या सात पिढ्या चोर ठरल्या असत्या. घरी आईला सांगितलं. तिनं कोयत्यावरून मान वर न करता उत्तर दिलं, "जालं दुसऱ्याचं, तं मावरं पन दुसऱ्याचंच." जाळं ज्याचं, मासळी त्याची. मी ती कॉपी घेतली नाही.

तिसरी वाट डोंबिवलीत सापडली. तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या मॅडमनी दोन फ्लॉप्या हातात ठेवल्या. "सूची काढणारा हा प्रोग्राम फुकट आहे. बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय, वापरा, कॉप्या करा, वाटा." दिसायला अगदीच भिकार. काळा पडदा, पांढरी अक्षरं. एक कंस राहिला की सगळी सूची कोलमडायची. दर रविवारी सकाळी क्लासात बसून मी त्याला आईच्या बाजारातल्या शिव्या दिल्या. मग एके दिवशी प्रिंटरमधून सहाशेच्या सहाशे संदर्भ ओळीनं बाहेर आले. मला आनंद झाला नाही, संताप आला. एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी मी माणसासमोर वाकले होते.

सरांनी पुन्हा अख्ख्या डिपार्टमेंटसमोर सूची चाळली. चूक सापडेना. "कुठून आणलंस हे?"

"डोंबिवलीहून. फुकट मिळालं."

"फुकटच्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये." ड्रॉवर उघडून त्यांनी किल्ली काढली, सोबत नव्या कार्डांचा गठ्ठा. "बरं, एवढी भरून टाक."

"वर्षभर माझं काम फुकटच होतं सर. त्यावर ठेवलात की विश्वास."

"काय म्हणालीस?"

"फ्लॉपी देते. कार्डं तुमची तुम्ही भरा."

या वेळी कुणी हसलं नाही.

सरांनी माझ्या प्रबंधावरची सही पाच महिने अडवली. मी रोज जाऊन त्यांच्या दारासमोरच्या बाकावर बसले. मांडीवर तोच बुटांचा खोका, आत त्या प्रोग्रामच्या कॉप्या. कल्याणची, टिटवाळ्याची, ज्यांना कधी किल्ली मिळाली नव्हती ती सगळी पोरं माझ्याकडून फ्लॉपी घेऊन गेली. खोक्याला सुकटीचा वास येतच होता. तो मी धुतला नाही, धुणारही नाही.