बॅगेवरचं कुंकू
कुंकवाची डबी उघडली की मला चेन्नई विमानतळावरचा कस्टमचा रेड चॅनल, म्हणजे ड्युटी लागणारं सामान दाखवायची रांग, आठवते. पॅरिसला घेतलेली चामड्याची महागडी बॅग माझ्या हातात होती. "जुनी आहे म्हण," माझ्या तमिळ सासूबाई कुजबुजल्या. पण तिकडच्या कराचा परतावा मी हक्काने घेतला होता, मग इथली ड्युटी कशाला चुकवू? बॅग अधिकाऱ्यापुढे ठेवून मी म्हटलं, "नवी आहे." त्याने तिच्यावरचा तांबडा ठिपका पाहिला. "डाग पडलाय. वापरलेली दिसते." सासूबाई तमिळमधून कडाडल्या, "डाग? कुंकू आहे ते! काल हॉटेलातच नव्या बॅगेची पूजा केली. कोरी करकरीत आहे!" मी हसत हसत ड्युटी भरली. आता परदेशातून काहीही आणलं, की कुंकू लावण्याआधी त्याच विचारतात, "ड्युटी भरलीस ना?"