कागदावरचा गुरुवार

नातू जन्मला तेव्हा त्याचं वजन एक किलो दोनशे ग्रॅम भरलं. लेक पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे नाटे गावात आली होती. सातवा महिना चालू होता. डोहाळजेवणाची साडी इस्त्री करून ठेवली होती आणि त्याच सकाळी मोरीत तिचं पाणी गेलं. १०८ ची गाडी आली. दोन तासांनी आम्ही रत्नागिरीत इस्पितळात होतो. जावई मुंबईला कामावर, माझे मालक बोटीवर गेलेले. सोबत थोरली जाऊ होती. डॉक्टरांशी, सिस्टरशी, गाडीवाल्याशी सगळं तीच बोलली. आमच्या घरात तसंच चालतं. मी चौथीपर्यंत शिकले, वाचता-लिहिता येतं, पण परक्या माणसानं काही विचारलं की माझ्या तोंडून "हो" शिवाय काही निघत नाही. जाऊ दुसऱ्या दिवशी घरी परतली आणि मी लेकीजवळ सव्वीस दिवस राहिले.

बाळ काचेच्या पेटीत होतं. नाकात नळी, पायाला पट्टी, डोक्यावर लोकरीची टोपी. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसायच्या. मला वाटलं, हे जगणार नाही. तसं मी कोणाला बोलले नाही.

लेकीच्या शेजारच्या खाटेवर मांडवीची एक बाई होती. तिचंही बाळ तसंच पेटीत होतं. मासे विकायची, तोंडानं फटकळ. तिनं वजन विचारलं, मी सांगितलं.

"अगो बाय, ह्याच्याहून मोठी सुरमय मी रोज कापतंय," ती म्हणाली.

लेक पोटाचे टाके धरून हसली. त्या आठवड्यात ती तेवढीच हसली. मग ती बाई रोज सकाळी विचारायची, "काय गो, सुरमय किती भरली आज?" नवव्या दिवशी तिचं बाळ गेलं. पिशवी भरून निघताना ती लेकीच्या खाटेपाशी आली. "तुझी जगंल," म्हणाली आणि मागं न बघता गेली.

लेकीला ताप भरला होता. सिस्टर मला म्हणाली, "आजी, आईला बरं वाटेपर्यंत बाळ तुम्ही छातीवर घ्या. अंगाला अंग लागलं की त्याला ऊब मिळते, वजन वाढतं. ब्लाऊजची बटणं काढा." समोरून डॉक्टर, वॉर्डबॉय येत-जात होते. मी खुर्ची भिंतीकडे वळवली. तिनं त्याला माझ्या छातीवर ठेवलं, वरून चादर बांधली. रोज चार-पाच तास मी तशी बसायचे. एकदा त्यानं डोळे उघडले आणि बराच वेळ वर बघत राहिला. तेव्हा त्याला मी दिसत होते का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

सव्विसाव्या दिवशी एक किलो सहाशे भरला आणि घरी न्यायला सांगितलं. लेक आत कपडे बदलत होती. सिस्टरनं कागद माझ्या हातात दिला.

"आजी, नीट ऐका. पुढच्या आठवड्यात गुरुवारी डोळे तपासायला आणायचं. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांची आतली वाढ राहिलेली असते. कधीकधी ती चुकीची होते. वेळेत बघितलं तर इलाज आहे. तारीख इथं लिहिली आहे. कळलं?"

"हो," मी म्हटलं.

मला कळलं होतं. सगळं नाही, पण गुरुवार कळला होता. बाहेर रिक्षात बसल्यावर मी कागद पुन्हा वाचला. "डोळे तपासणी" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

घरी जावेनं सगळी तयारी करून ठेवली होती. बाळंतिणीची खोली सारवलेली, खिडकीला गोणपाट, कोपऱ्यात धुरीची शेगडी. तिनं बाळाला बघितलं आणि तिचे डोळे भरले. तिचं पहिलं मूल विसाव्या दिवशी गेलं होतं. सड्यावरून, त्या उघड्या माळावरून माहेरी नेलं, वारं लागलं, असं ती सांगायची. तेव्हापासून आमच्या घरात बाळंतीण आणि मूल सव्वा महिना उंबरा ओलांडत नाहीत. माझी दोन्ही मुलं तिनंच अशी सांभाळली.

बुधवारी संध्याकाळी ती चुलीपुढे होती. मी मागं जाऊन उभी राहिले.

"बाय, उद्या गुरुवार."

"मग?"

"नाय, कागदावर... डोळे बघायला बोलावलंनी हाय त्याला."

"कोणाचे डोळे? त्याचे?" ती हसली. "कायतरीच. एवढासा जीव, त्याला काय चष्मा लावणार हाईत? टुकूटुकू बघतो नुसता. सव्वा महिना झाला की नेऊ."

"सव्वा महिना आता सात-आठ दिवसांत भरेलच."

"इस्पितळातले दिवस धरतात काय गो? तिथं शेक नाय, धुरी नाय, दहा माणसं आत-बाहेर. बाळंतीण घरात आली त्या दिवसापासनं मोजायचं. तुला काय म्हायत नाय? सड्यावरचं वारं त्या पोराला लागलं तर तू भरून देणार हायस?"

मी मागं फिरले. खोलीत जाऊन लेकीला सांगता आलं असतं. सकाळी मालकांना सांगता आलं असतं, ते तेव्हा घरी होते. मी कागद घडी करून माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवला. का ठेवला, याचा मी फार विचार केला आहे. समोर राहिला असता तर कोणीतरी विचारलं असतं आणि मला बोलावं लागलं असतं.

शुक्रवारी फोन आला. इस्पितळात नंबर माझाच दिला होता. "आजी, बाळाला आणलं नाही?" "आणतो," मी म्हटलं. "पुढच्या गुरुवारी नक्की. याला उशीर चालत नाही, आजी." "हो." त्याच्या पुढच्या आठवड्यात परत फोन आला. मी परत हो म्हटलं. घरात कोणी विचारलं तर कंपनीचा फोन होता असं सांगितलं.

बाळाचं अंग भरत होतं. येणारी-जाणारी बाई म्हणायची, सात महिन्यांचं वाटतच नाही. जाऊ सगळ्यांना त्याच्या मांड्या दाखवायची.

जावेच्या हिशेबानं सव्वा महिना झाला तेव्हा तो नऊ आठवड्यांचा होता. बारसं ठेवलं. जावई आले होते. जावेनं निरांजन घेऊन त्याला ओवाळलं. ज्योत तोंडासमोरून गेली तरी त्यानं डोळे हलवले नाहीत. ती थांबली. निरांजन डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, जवळ आणलं. पाळण्याभोवतीच्या बायका गायच्या थांबल्या. उजेडात त्याच्या बाहुल्या काळ्या दिसेनात, राखाडी दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे, जाऊसुद्धा, रत्नागिरीला त्याच इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी थेंब घातले, भिंग लावून खूप वेळ बघितलं. मग जावयांना बसायला सांगितलं. दोन्ही डोळ्यांतला आतला पडदा सुटला आहे, म्हणाले. मुंबईला न्या, शस्त्रक्रिया करून बघतील, पण फार आशा धरू नका. चौथ्या-पाचव्या आठवड्यात आणलं असतं तर लेसरनं थांबवता आलं असतं.

"आम्हाला कोणी सांगितलंच नाही!" लेक ओरडली. बाहेरच्या बाकड्यांवरची माणसं आत बघायला लागली. ती दारात उभ्या असलेल्या, बाळाच्या वॉर्डातल्या त्याच सिस्टरकडे वळली. "तुम्ही सांगायला नको? एवढे दिवस मी इथं होते, एका शब्दानं बोलला नाहीत!"

सिस्टर माझ्याकडे बघत होती. जाऊही माझ्याकडे बघत होती. लेकीला वाटलं सिस्टर गप्प आहे म्हणजे चूक तिचीच आहे. ती आणखी चढ्या आवाजात बोलायला लागली, तक्रार करीन म्हणाली.

"तिनं सांगितलं होतं," मी म्हटलं. "मला सांगितलं होतं. कागद दिला होता. फोनपण केले होते दोनदा."

लेक माझ्याकडे वळली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"तू विसरलीस, आई?"

जावेनं माझा हात दाबला. हो म्हणायला सोपं होतं. जन्मभर मी तेच म्हणत आले होते.

"नाही," मी म्हटलं. "विसरले नाही."

मुंबईला एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. उपयोग झाला नाही. दुसऱ्याची करण्यात अर्थ नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. लेक तिथंच राहिली. वर्षभर तिनं मला फोन केला नाही. जावयांकडून कळायचं: बसायला लागला, धरून उभा राहायला लागला. जावेनं ती शेगडी माळ्यावर टाकली. शेजारच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा तिला बोलावणं आलं होतं. गेली नाही. तिनं मला दोष दिला नाही, मीही तिला दिला नाही. आम्ही दोघी त्यावर बोलतच नाही.

यंदा मे महिन्यात लेक आली. जावयांनी समजूत घातली असावी. नातू आता अडीच वर्षांचा आहे. पडवीत बसून डबे एकात एक घालत होता. मी स्वयंपाकघरातून आले आणि दारात उभी राहिले. पुढं जायचा धीर होईना. त्याला पायांचा आवाज आला होता. त्याचे हात थांबले, मान तिरकी झाली. तो वाट बघत होता. मी तशीच उभी.

"बोल की," लेक म्हणाली. ती खांबाला टेकून मला बघत होती. "अशी गप्प उभी राहिलीस तर त्याला काय कळणार, दारात कोण आहे ते? त्याच्यापुढं तरी तोंड उघड."

एवढं बोलून ती आत गेली. तो अजून मान तिरकी करूनच होता.

"मी आजी," मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की मला तो परत काढावा लागला. "मी आजी आहे. दारात उभी आहे. आता तुझ्याकडे येते आहे."