एस्तेरबाई आणि बडोद्याची ममी

शाळा सोडून इतकी वर्षं झाली, पण चार जुने मास्तर भेटले की किस्से निघतातच. आणि गंमत म्हणजे मुलांचे कमी, मास्तरांचेच जास्त! पनवेलच्या आमच्या स्टाफरूममध्ये ते मिठागरातल्या मिठासारखे आपोआप साठत. त्यातही साठ सालाच्या आसपास आम्ही मास्तरमंडळी बडोद्याला गेलो, ती ट्रिप म्हणजे कहर! आमचे हेडमास्तर इतिहासवेडे. बडोद्याच्या म्युझियममध्ये इजिप्तची खरीखुरी ममी आहे असं त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि आमची दिवाळीची सुट्टी गेली!

* * *

गणिताचे सायमन मास्तर बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. ट्रिपच्या आधी हेडमास्तरांनी सहामाहीचे पेपर घरी नेऊन तपासायला सांगितले. सायमन शांतपणे म्हणाले, "सर, आमचे पूर्वज इजिप्तमध्ये फारो राजाचे गुलाम होते. उन्हातान्हात विटा पाडल्या त्यांनी. पण फारोनंसुद्धा विटा घरी न्यायला लावल्या नव्हत्या!"

हेडमास्तर पोट धरून हसले. पेपर काही परत घेतले नाहीत.

* * *

असा हसरा माणूस, पण त्या दिवसांत आतून पार खचला होता. इस्राएलला कायमचं जायचं ठरलेलं. बायको-मुलं तयार, बोट दोन महिन्यांवर. आणि त्यांची आई, एस्तेरबाई, अडून बसलेली!

"कब्रस्तानात तुझ्या बाबांच्या शेजारची जागा मी धरून ठेवलीय. परक्या मातीत मी पडायची नाही. तुम्ही जा खुशाल."

म्हाताऱ्या आईला एकटीला टाकून जायचं कसं? सायमनची झोप उडाली होती. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. छे! पालथ्या घड्यावर पाणी.

ट्रिपला घरचं कुणी आणलं तरी चालणार होतं; बडोद्याला यायला मात्र एस्तेरबाई एका पायावर तयार! "दर पेसाहला, आमच्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, पोरांना त्या फारोची गोष्ट सांगत आलेय. एकदा तोंडावर सुनावते मेल्याला!"

* * *

संस्कृतच्या जोशीबाईंची पंचाईत वेगळीच. "प्रेत बघायचं म्हणजे नंतर आंघोळ आलीच की!"

"अहो बाई, तीन हजार वर्षं झाली त्याला!" हेडमास्तर वैतागले. "सुतक कधीच फिटलं!"

"फिटलं असेल. पण आपल्याला कळलं आत्ता ना?"

बाईंनी धर्मशाळेत परतल्यावर खरोखरच डोक्यावरून आंघोळ केली. वर आम्हालाही करायला लावली, थंडगार पाण्यानं!

* * *

आमचा शिपाई गणा करंज्याचा. घरात सुक्या मासळीचा धंदा. ममीच्या पेटीभोवती त्यानं दोन चकरा मारल्या आणि मला विचारलं,

"सर, हिला लावलाय काय? आमचा बोंबील पावसाळ्यात वास मारतो."

"मीठच रे. एक प्रकारचा खार."

"मंग आमच्यावानीच हाय की! पन मांजरांपासून कशी सांबाळली? आमी तर काठी घेऊन बसतो."

"अरे, ते लोक मांजराला देव मानायचे. पूजा करायचे."

गणानं मान डोलावली. "म्हंजे लाच दिली! आमाला नाय सुचला!"

* * *

आणि मग एस्तेरबाई. सगळी गर्दी बाजूला सारून, पदर खोचून त्या काचेसमोर उभ्या राहिल्या. "काय रे मेल्या..."

"आजी, हा फारो नाही," तिथला मराठी गाईड घाईघाईनं म्हणाला. "ही बाई आहे."

"बाई?" खोचलेला पदर सोडून एस्तेरबाई जवळ गेल्या. "अगं बाई! केवढीशी आहे! का गं गुंडाळलंय तुला असं?"

गाईडला हुरूप आला. "आजी, यांच्याकडे मरणाची तयारी जिवंतपणीच सुरू व्हायची. तेलं, औषधं, कापडाच्या पट्ट्या, नक्षीची पेटी. का, तर आपल्याच मातीत, आपल्याच माणसांच्या शेजारी कायमचं राहायला मिळावं."

"कायमचं?"

"अगदी जगबुडी होईपर्यंत!"

एस्तेरबाईंनी पेटीची नक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. सायमनचा चेहरा उतरला. आता तर हट्ट आणखी पक्का होणार, उगाच आणलं आईला, असं त्यांना वाटत असणार. मलाही तेच वाटलं. तेवढ्यात म्हातारी खुदकन हसली. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

"एवढी तजवीज केली बिचारीनं... आणि शेवटी बडोदं!"

मग लेकाकडे वळून म्हणाली, "सायमन, बोट कधीची आहे रे आपली?"