गळ्यातून काढलेली माळ

नर्सने कात्री माळेला लावली तशी मी तिचं मनगट धरलं. "अम्मा, गले का ऑपरेशन है, गले में कुछ नहीं चलेगा," ती म्हणाली. स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी होतं. तिचं बरोबरच होतं. पण ही तुळशीची माळ लग्नाच्या वर्षी सासऱ्यांच्या गुरूंनी घातलेली. आमच्यात माळ तुटली तर नवी घालेपर्यंत पाणी पीत नाहीत. आत जायच्या आधीच मी मेले, असं वाटलं.

माझ्यामागे कोणी नाही. नवरा गेला, मूल झालं नाही. जसोंडी गावचा पुतण्या मला इंदूरला घेऊन आला, सही केली आणि परत गेला. "काकू, केळी कापून पडलीय, ट्रक भरला की येतो." खोटं बोलला नाही. कापलेली केळी कोणासाठी थांबत नाही.

गाठ जबड्याखाली होती, बोट ठेवलं की नाडीसारखी उडायची. बरेच दिवस मी ती माळेखाली, पदराखाली झाकली. माळ सांभाळेल, असं धरून चालले. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी हात लावला आणि सरळ इंदूरला धाडलं. तिथल्यांनी सांगितलं, मेंदूला रक्त नेणाऱ्या नसेला जिथे दोन फाटे फुटतात तिथेच ही बसली आहे. फार थोड्यांना होते. कॅन्सर बहुतेक नसतो, पण वाढत जाऊन नसेला वेढते. काढताना रक्त फार जाऊ शकतं, अर्धं अंग लुळं पडू शकतं, आवाज जाऊ शकतो. एकटीला लकवा म्हणजे काय, ते मी शेजारणीचं पाहिलंय. आवाजाचं भय त्याहून जास्त. संध्याकाळी मी देवाचं नाव मोठ्याने घेते, कारण घरात दुसरा आवाजच नसतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक आजारी बाई होती. तिची बहीण सखू, तापीकाठची भोईण, तिच्याजवळ राहायची. नातलगाकडून तिला माशांचा डबा यायचा. आदल्या दिवशी मी म्हणाले होते, "बाई, लांब जाऊन खा, मी माळकरीण आहे." ती म्हणाली, "माळ गळ्यात आहे ना माय, नाकात तर नाही?"

तीच आता स्ट्रेचरबरोबर चालत आली होती. माझ्याबरोबर कोणी नाही हे तिनं पाहिलं होतं.

"द्या माय, मी सांभाळते."

"तू मासे खातेस."

"खाते. तुम्ही बाहेर येईपर्यंत नाही खाणार. काढा आता, डॉक्टर काय तुमचे व्याही आहेत, थांबायला?"

दोऱ्याची गाठ घट्ट बसली होती. सखूनं वाकून ती दातांनी सैल केली. मासे खाणारे ते दात माझ्या माळेला लागले, आणि मी डोळे मिटले. देवाला म्हणाले, आता सोवळं तूच बघ आणि मलाही तूच बघ. त्यानंतर भीती वाटली नाही. का, ते मला सांगता येत नाही.

शुद्ध आली तेव्हा हात हलला, पाय हलला. आवाज घोगरा निघाला, अजून तसाच आहे. खाटेवर परत आणलं तर सखू मूठ मिटून बसलेली. मानेला पट्ट्या होत्या म्हणून तिनं माळ माझ्या मनगटाला बांधली. तिची बहीण हळूच म्हणाली, "मूठ उघडलीच नाही हिनं. मासे सोडा, पोळीसुद्धा खाल्ली नाही." सखू म्हणाली, "गप गं. भूक नव्हती मला."

पुतण्या ट्रक भरून आला, मला घरी घेऊन आला. माळ पुन्हा गळ्यात आहे. सखूनं मारलेली गाठ मी सोडलेली नाही. संध्याकाळी घोगऱ्या आवाजात नाव घेते, त्यात तिचंही घेते. ज्या हातात द्यायचं तो हात आपण निवडायचा नसतो, एवढंच मला समजलं. पुढचं का झालं, ते मला विचारू नका.

उपाशी सखू राहिली. पुढे तिची बहीण त्याच दवाखान्यात वारली. मी वाचले.