ढब्ब्याच्या सांध्यांना तेल

आमचे हे शिलाई मशिनं दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. उघडी पडलेली मशिनं, डबाभर स्क्रू आणि यांच्या वरच्या खिशात कायम तेलाची कुपी. यांच्या मते जगातल्या निम्म्या तक्रारी वेळेवर तेल न दिल्याने होतात. दार कुरकुरलं, तेल. पंखा कण्हला, तेल. एकदा माझ्या आवाजाबद्दलही तेच बोलले होते, तेव्हा मी असा अबोला धरला की काही विचारू नका!

ढब्ब्या म्हणजे आमचा कुत्रा. म्हातारा, जाडा, आणि यांच्या डोळ्यांत खुपणारा. "तुझं लाडकं आहे, तूच निस्तर," हे यांचं रोजचं. ढब्ब्या मात्र सगळं घर सोडून यांच्याच स्टुलाखाली झोपायचा. हल्ली त्याचे पाय आखडले होते. उठताना कण्हला की हे म्हणायचे, "काय कटकट आहे!"

लेकीने माझ्या गुडघ्यांसाठी गांजाच्या झाडापासून काढलेल्या तेलाची बाटली आणली होती. जिभेखाली थेंब टाकायचे म्हणे. मी कसली घेते! दिली कपाटात ठेवून.

एका दुपारी ढब्ब्या उठला तो झोकांड्या खायला लागला. उभ्या उभ्या मुतला. तोंडापुढे हात नेला तर असा दचकला, जणू मी मारणारच आहे. यांनीच त्याला उचलून शेजाऱ्यांच्या गाडीत घातलं, एरवीच्या कंबरदुखीचं नाव न काढता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण, पण खमक्या. "काय खाल्लंय याने? उंदराचं औषध? कुणाच्या गोळ्या? नक्की कळलं तर लगेच इलाज करता येईल. अंदाजाने करत बसले तर वेळ हातचा जाईल."

मी शपथेवर सांगितलं, काही नाही. हे भिंतीवरचं मांजराचं चित्र बघत उभे.

"अहो, बोला की! मूग गिळून काय बसलात?" मी यांच्यावर खेकसले.

तेव्हा वरच्या खिशातून कुपीऐवजी माझी बाटली निघाली. निम्मी रिकामी.

"रोज चार थेंब. पायाला एक," हे पुटपुटले. "सांधा म्हटला की तेल लागतंच ना? आज त्याला उठवेचना, म्हणून जरा सढळ हाताने..."

यांना हसावं की बडवावं, मला कळेना.

बाईंनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. "बरं झालं सांगितलंत. हे माणसांचं आहे, यात नशेचा अंश आहे. कुत्र्यांना तो फार लवकर बाधतो. झाडाचं म्हणजे निर्धोक, असं नसतं काका. कुत्र्यांसाठी म्हणून विकतात तेही विचारल्याशिवाय द्यायचं नाही. वजन, यकृत, चालू असलेल्या गोळ्या, सगळं बघावं लागतं. हे काय मशीन आहे?"

"वाचेल ना हो?" यांचा असा आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता.

"वाचेल. पण आज इथेच राहू दे."

ढब्ब्याला सलाईन लावलं, पांघरूण घातलं, शांत खोलीत ठेवलं. दुकान दिवसभर बंद राहिलं. खिशातली तेलाची कुपीसुद्धा यांनी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन आम्ही दवाखान्यात जाऊन बसलो. मदतनीस बाईंनी बाहेर येऊन विचारलं, "ढब्ब्याचं कोण आलंय?"

मी गुडघा सावरत उठेपर्यंत हे पुढे पोचलेसुद्धा. "मी. मी त्याचा बाप."

लेक खुदकन हसली. "मग मी कोण हो, बाबा?"

"तू थोरली," हे म्हणाले. तेवढ्यात ढब्ब्या शेपूट हलवत स्वतःच्या पायांनी बाहेर आला, आणि आमचे हे चष्मा काढून चारचौघांत ढसाढसा रडले.