मेघाच्या क्रिमिनॉलॉजीचं कर्जप्रकरण

विषय : कु. मेघा हिने क्रिमिनॉलॉजीची, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राची पदव्युत्तर पदवी कर्ज काढून घ्यावी किंवा कसे.

संदर्भ : मेघाच्या वडिलांनी चहाच्या वेळी केलेली तोंडी विनंती.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, आम्ही निवृत्त कारकून दर रविवारी सकाळी बेंगळुरूच्या चामराजपेटमधल्या एका हॉटेलात जमतो. नोकरीत आमच्याकडे फायली साचायच्या, आता किस्से साचतात. फायलींची कोणीतरी आठवण तरी करून द्यायचं! यंदा मात्र या एकाच प्रकरणाने बाकी सगळ्यांना मागे टाकलं.

*

मेघाचे वडील बाळूअण्णा निपाणीकडचे. इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं लहानसं वर्कशॉप आहे. एका खासगी विद्यापीठाची फी ऐकून ते थेट आमच्या टेबलाशी आले.

"एवढ्यात नवीन लेथ मशीन येतंय की हो!"

"आणि शिकून पगार किती?" मी विचारलं.

"ते शिकून झाल्यावर कळतंय म्हणे."

"म्हणजे हप्ता पक्का आणि पगार अंदाजे."

मेघा शेजारीच उभी होती. म्हणाली, "अप्पा, तुमचं पहिलं लेथ कर्जावरच आलं. तेव्हा ऑर्डरी पक्क्या होत्या काय?"

बाळूअण्णांनी आणखी एक चहा मागवला.

*

आमच्या टेबलाची एक शिस्त आहे. बाहेरच्या माणसाने परस्पर बोलायचं नाही, योग्य मार्गानेच यायचं. त्यामुळे आमचे माजी हेडक्लार्क जोशीसाहेब मेघाला काहीही विचारायचं तर बाळूअण्णांमार्फत विचारत. मेघा त्यांच्या समोरच बसून इडली खात होती!

"तिला विचारा, हप्ता भरून हातात काय राहील?"

बाळूअण्णांनी मान वळवली. "काय गं, हातात काय राहील?"

"साहेबांना सांगा, सुरुवातीला बसचा पास निघेल. इडली अप्पांनीच द्यायची."

बाळूअण्णा पुन्हा साहेबांकडे वळले. "बसचा पास निघेल म्हणते."

"आणि इडली?" साहेबांनी विचारलं. अधिकृतपणे त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं!

*

माझा पुतण्या सौरभ पुण्याहून आलेला, इथे महादेवपुऱ्यात आयटीत आहे. तो लॅपटॉप घेऊनच आला.

"काका, मी एक्सेल केलंय. क्रिमिनॉलॉजीत रिटर्न फार स्लो आहे. तिला डेटा सायन्स करायला सांग."

मेघाने स्क्रीन नीट पाहिली. "दादा, नोकरी गेली तर काय, तो कॉलम कुठाय?"

"तो एचआरकडे असतो," सौरभ म्हणाला आणि चार्जर शोधायला लागला.

*

निपाणीहून मेघाच्या आत्याचा फोन आला. "चोर-दरोडेखोरांचं शिकून पोरीचं लग्न कसं व्हायचं रे बाळू?"

मेघाने फोन घेतला. "होईल की आत्या. फक्त मुलाची चौकशी मी करणार."

 आत्या हळूच म्हणाल्या, "माझ्या नणंदेच्या मुलीला एक स्थळ आलंय बेंगळुरूचं. बघतेस का जरा?"

मेघाने दोन फोन केले, एकदा मुलाच्या ऑफिसच्या पत्त्यावर जाऊन आली. तिथे गाड्यांचं पंक्चर काढत होते. स्थळ मोडलं. आठवड्याभरात निपाणीहून मेघासाठी खण आला.

जोशीसाहेबांनी शेरा मारला, "या विषयातलं पहिलं उत्पन्न. वस्तुरूपात."

*

शेवटी मेघानेच तोडगा काढला. खासगी विद्यापीठ सोडलं आणि सरकारी कॉलेजात प्रवेश मिळवला. कर्ज निम्म्याहून खाली आलं, हप्ता पहिल्या पगारात बसेलसा झाला, वर्कशॉप तारण ठेवण्याची गरजही उरली नाही. मत कनिष्ठापासून वर जायची आमची पद्धत. मी म्हटलं, "घ्यावं." जोशीसाहेब म्हणाले, "सहमत." एवढी तीन अक्षरी टिपणी त्यांनी अख्ख्या नोकरीत केली नव्हती!

*

बँकेत मी बाळूअण्णा आणि मेघाबरोबर गेलो. मॅनेजर भला माणूस. प्रत्येक कागदावर "सरी, सरी", म्हणजे कन्नडमध्ये ठीक, ठीक, म्हणत मान डोलावत होता. सहीसाठी त्याने पेनाचं टोपण काढलं आणि सहज विचारलं, "हे शिकून नोकरी कुठे मिळते, मेघा?"

"बँकांतच, सर," मेघा उत्साहाने म्हणाली. "कर्जातले घोटाळे शोधायला माणसं घेतात. जुनी प्रकरणं आधी उघडतात."

"अच्छा. कोर्स किती वर्षांचा?"

"दोन."

मॅनेजरने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग बोटांवर बहुधा आपल्या निवृत्तीपर्यंतची वर्षं मोजली. पेनाला टोपण लावलं.

"तुम्ही पुढे पीएचडी का करत नाही? खूप वर्षं शिकायला मिळतं. तसं असेल तर थांबा, एकदम मोठं कर्ज करून देतो!"

मेघाने नम्रपणे नको म्हणून सांगितलं. फी भरायची मुदत महिनाअखेरीस संपते. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.