पेटीच्या तळाचं घड्याळ

मला हे लिहायचं नव्हतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागून कुणी नावं ठेवायला नको. माझी नात शीतल वसमतला शाळेत मास्तरीण हाय. तिनं फोनवर एक ग्रुप काढला, नाव दिलं 'आप्पाची पेटी', आणि आमच्या कुरुंद्यातली निम्मी माणसं त्यात कोंबली. मी जन्मभर पत्र्याच्या पेटीत जे जमवलं, कामाच्या चिठ्ठ्या, शेतात सापडलेल्या वस्तू, काय बी, त्याचे फोटो ती तिथं टाकून राहिली. फोटोपर्यंत ठीक होतं. आता म्हणती, प्रत्येक चिजेमागचा किस्सा लिहा. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला हा जाच काहून?

किस्से साचतात ते असेच. पेटीतून एक वस्तू काढावी तर तिला अडकून तीन येतात, आणि तिन्हींत फजिती आपलीच.

पेटी उपडी केली तवा तळातून एक घड्याळ पडलं. ते मी तीस वर्षं लपवलं होतं. त्याच्यापायी एका माणसावर चोरीचा आळ हाय, आणि तो मी घेतलेला हाय. तिथं पोचायला मला जरा वेळ लागंल. आधी बाकीचं सांगतो.

*

ही तुरीची काडी. आमची हळद शिजवायची टोळी होती, पाच माणसांची. हळद निघाली की शेतोशेत कढई घेऊन फिरायचो. जाळ सांभाळायचा थावरा, वरच्या तांड्यावरचा. मी शिजली का न्हाई ते बघायचो. फेस वर आला, वास बदलला की ही काडी हळदीच्या कांडीत खुपसायची. आरपार गेली की बस, उतरवा. माझ्याशिवाय कुणी काडीला हात लावायचा न्हाई, इतका माज होता मला.

एकदा मालकाकडं पाहुणे आले. त्यांना मी सांगत बसलो की शिजलेली हळद मला नुसत्या वासावर कळती. थावरानं दोनदा हाक मारली, "आप्पा, काडी." मी म्हणलं, थांब की. सांगून झालं, उठलो, तर काडी बुडाला जाऊन टेकली. सगळी कढई गिच्च.

 मालकाची म्हातारी आई काठी टेकत आली, कढईत वाकून बघितलं आणि म्हणाली, "भाजी झाली चांगली. मीठ तेवढं राहिलं."

*

हा काळा दगड. नांगरटीत सापडला. जड, भोकं पडलेला. मी उठवून दिलं की आभाळातून पडलेला हाय. लोक बघायला यायचे. एका मास्तरानं तर शाळेची लेकरं रांगेनं आणली, मी त्यांना हात लावू दिला न्हाई. थावरानं मात्र बोट पुढं करून तोंड गंभीर करून विचारलं, "गरम हाय का अजून?"

मंग एक दिवस लोहार आला विळे द्यायला. त्यानं दगड उचलला, उलटा केला, खाली ठेवला.

"भट्टीतली घाण हाय ही," म्हणाला. "माझ्या घरामागं ढीग पडलाय. आभाळ काय माझ्याच घरावर फाटून राहिलं का?"

दगड अजून पेटीत हाय. टाकायला घेऊन निघालो तर लोक विचारतील कुठं चालला, म्हणून.

*

ही चिठ्ठी लई कामाची. कढईचं बूड सांधणारा कारागीर, आखाडा बाळापूर, बाजाराच्या मागल्या गल्लीत. ज्यानं विचारलं त्याला मी पत्ता दिला. माणसं जायची, काम करून यायची, मला बरं वाटायचं.

मागच्या साली मी स्वतः गेलो. तिथं पोरगा बसलेला, मोबाईल दुरुस्त करून राहिला. म्हणलं, बाबा कुठं हायत? तो म्हणाला, बाबांना जाऊन सात वर्षं झाली.

मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "तुमची माणसं काही थांबेनात आप्पा. शेवटी मीच शिकलो कढई सांधायला."

*

आता हा कागद. याची मला लाज वाटती, पण अजून घड्याळाइतकी न्हाई.

हळदीचं बेणं कसं ठेवावं याचा छापील कागद. बाजारात कुणीतरी वाटत होतं. मी अक्षर अक्षर जुळवून वाचला, पाठ केला. बेणं उन्हात ठेवणे. ढीग उंच करणे. वरून पाणी मारणे. मनात आलं, आपण तर उलटंच करतो, पण छापलंय म्हणजे खरं असंल. आमच्यात कुणी केलं न्हाई. थावरा म्हणाला, "कागदाला शेत हाय का?" मंग मी पुसेगावच्या एका ओळखीच्याला सांगितलं. तो गरीब, माझ्यावर भरवसा ठेवणारा.

त्याचं सगळं बेणं सडलं.

कागद पुन्हा काढून बघितला. वरची पट्टी फाटलेली. ती मीच फाडली होती, तंबाखूची चिमूट बांधायला. शीतलनं आता फोनवर तोच कागद हुडकून दाखवला. त्या पट्टीवर मोठ्या अक्षरात होतं: शेतकरी करतात त्या चुका.

तो माणूस पुसेगावहून एसटीनं आला. भांडला न्हाई. सडलेल्या बेण्याची पिशवी माझ्या उंबऱ्यावर ठेवली, चहा नको म्हणाला, आणि जाताना बोलला, "हे बी ठेवा तुमच्या पेटीत."

*

घड्याळ.

सासऱ्यानं लग्नात दिलेलं. टोळीत घड्याळवाला मी एकटा. वाफ जाईल म्हणून कामावर काढून ठेवायचो. एक दिवस दुपारी हात धुतले, बघतो तर घड्याळ न्हाई. सगळीकडं हुडकलं. मंग मी कढईपाशी उभा राहून बोललो. काय बोललो ते शीतलनं लिहू नका म्हणलं, पण लिहिल्याशिवाय काही अर्थ न्हाई.

म्हणलं, "आपल्यात तांड्यावरचा एकच हाय."

मारोती, आमच्यातला सगळ्यात वडीलधारा, खाली मान घालून जाळात पऱ्हाट्या सारत राहिला. जाळ थावराचं काम होतं, पण थावरा उठला होता. त्यानं आधी पिशवी झटकली. मंग खिसे उलटे केले. मंग डोक्याचा पटका सोडला, सगळ्यांसमोर झाडला आणि पुन्हा बांधला. बांधायला त्यानं घाई केली न्हाई.

कढई अर्धवट शिजलेली होती. ती टाकून जाता येत न्हाई, हळद वाया जाती. थावरा परत जाळापाशी बसला. शिजेपर्यंत बसला. "आप्पा, काडी," म्हणाला, एवढंच. काडी आरपार गेली तसा तो उठला आणि तांड्याकडं चालू लागला. पुन्हा टोळीत आला न्हाई.

आठ दिवसांनी घड्याळ मिळालं. माझ्याच पेटीत, माझ्याच जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं. त्या दिवशी मी ते कामावर नेलंच नव्हतं.

मी काय केलं? तळाला घातलं. वर दगड ठेवला, आभाळातला. तांड्यावरचं कुणी शेतात कामाला आलं की लोक भांडीकुंडी आत घ्यायचे, थावराचं नाव काढायचे. मी ऐकायचो. कुणी वेळ विचारली तर सूर्याकडं बघायचो.

*

ते तळातून पडलं आणि शीतलनं विचारलं, "आप्पा, हे तर चोरीला गेलं होतं ना?" दुसऱ्या दिवशी मी घड्याळ खिशात घालून तांड्यावर गेलो.

थावरा बाजेवर बसून शेंगा सोलून राहिला होता. म्हातारा झाला, माझ्यासारखाच. "ये आप्पा," म्हणाला, जसा कालच भेटलो.

मी घड्याळ काढलं. म्हणलं, "थावरा, हे..."

"किती वाजले बघ त्यात."

बघितलं. काटे कवाचेच थांबलेले. म्हणलं, "बंद हाय."

"मंग ठेव खिशात. चहा घे."

चहा झाला. मी पुन्हा तोंड उघडलं. त्यानं सुनेला हाक मारून आणखी चहा सांगितला. तिसऱ्यांदा उघडलं, तर तो उठून आत गेला आणि हातभर पट्ट्याला बांधलेली पितळी घंटा घेऊन आला. त्याच्या पणज्याच्या बैलाची, तांड्याच्या म्होरं चालायचा त्या बैलाची. बैलांवर मीठ लादून मुलूख हिंडायचे तवाची.

"हे पेटीत ठेव," म्हणाला. "तुझ्या घरून आमच्या घरी कवा काही आलं न्हाई. आमच्या घरून तुझ्या घरी चाललंय. लोकांना दिसू दे. पिशवीत घालू नको, हातात धरून ने."

म्हणलं, "थावरा, मला बोलू तर दे."

"व्हय व्हय. जा आता, ऊन वाढून राहिलं."

सगळा तांडा बाहेर येऊन उभा होता. मी घंटा धरून चाललो. दोन्ही हातांनी दाबली तरी वाजायची. पारावरची माणसं उठून बघायला लागली, एकानं विचारलं, "आप्पा, बैल कुठंय?"

घरी आल्यावर शीतल म्हणाली, मागितली का माफी? म्हणलं, मागू दिली न्हाई त्यानं. तोंडातली तोंडातच घेऊन आलो. माझ्याशी असं कुणी वागलं न्हाई, आणि याची माफी त्यानं माझ्याकडं अजून मागितलेली न्हाई. ग्रुपवर घंटेचा फोटो टाक, घड्याळाचा बी टाक, आणि खाली त्याचं नाव पुरं लिही.

थावरा हरी राठोड.